वही मिटा आणि सांगा

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात, शिरूर येथे, शिरूर व दौंडच्या विद्यार्थी-पालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाच्या समारंभात पाहुण्याने यशस्वी मुलांची पाठ थोपटावी, दोन शेर म्हणावेत, तालीम किती जरुरीची आहे ते सांगावे आणि चहा घेऊन जावे, असा प्रघात आहे. पाठ मी थोपटली आहे. शेर माझ्या ध्यानात राहत नाहीत. आणि शिक्षणाचे महत्त्व ज्यांना पटलेले नाही ते आज इथे आलेलेच नाहीत. तेव्हा तुम्हाला ते सांगून काय करू? म्हणून मला दिलेला वेळ मी एका किरकोळ वस्तूविषयी बोलण्यात घालविणार आहे. ती वस्तू म्हणजे वही.

मी छत्तीस वर्षे कॉलेजात वाणिज्य शाखेला शिकविले. त्या छत्तीस वर्षांत एक दृश्य मी दरसाल पाहिले. दहावी-बारावीला ज्या मुलाचा असा हार घालून सत्कार झाला, तोच मुलगा पहिल्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डापासून लांब, भिंतीला टेकून उभा असतो. दोन विषय राहिलेले असतात. त्याची अक्कल सहा महिन्यांत कुठे गेली? कुठेच गेलेली नसते. शाळेत त्याला रोज कोणी तरी विचारीत होते. वर्गात उभे करीत होते, गृहपाठ तपासत होते, चाचणी घेत होते, एकच पाठ्यपुस्तक नेमून दिलेले होते. कॉलेजात प्राध्यापक येतात, पन्नास मिनिटे बोलतात आणि जातात. वही कोणी तपासत नाही. पुस्तके एकाऐवजी चार सांगितली जातात. आता तर सत्र पद्धत आहे. एक सत्र म्हणजे शिकविण्याचे जेमतेम तीन-चार महिने. अंगावर वारे येते न येते तोच परीक्षेचे वेळापत्रक लागते.

आणि आपल्या घरांत विषय राहिला की पुढे काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा असेल तर मामाच्या गॅरेजमध्ये किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत चिकटवून देतात. मुलगी असेल तर एवढेही होत नाही. "झालं तेवढं पुरे," असे एक वाक्य होते, आणि दोन महिन्यांत स्थळ येते. न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीने २००६ साली आपल्या अहवालात आकडेवारीसह दाखवून दिले की आपली मुले जसजशा वरच्या इयत्ता येतात तसतशी गळत जातात. त्या आकड्यांमागे गरिबी आहे, भेदभाव आहे, पुष्कळ काही आहे, आणि ते सारे आज रात्रीत दूर होणार नाही. परंतु काही मुले केवळ एवढ्यासाठी गळतात की अभ्यास कसा करावयाचा हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्या थोड्यांबाबत तरी आपल्याला काही करता येईल.

हे मी दुसऱ्यांची उणी काढण्यासाठी बोलत नाही. त्या भिंतीला टेकून मीही उभा राहिलो आहे.

मी दौंडचा. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. शिक्षण उर्दू चौथी. मी १९७१ साली जुनी एस.एस.सी. झालो. तेव्हा ती अकरावीला असे. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. पुण्याच्या एका कॉलेजात प्री-डिग्रीला नाव घातले. सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळी परतायचे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून कसूर करायची नाही असे ठरवले, आणि एक सुरेख काम केले: प्राध्यापक बोलतील ते अक्षरन् अक्षर उतरवून घ्यायचे. रात्री ते सगळे दुसऱ्या वहीत सुवाच्य अक्षरांत पुन्हा लिहायचे. मथळे लाल शाईने, खाली पट्टीने ओढलेली रेघ. शेजारच्या मुलांची आई आपल्या मुलांना माझ्या वह्या दाखवायला घेऊन जाई. मी रात्री साडेअकरापर्यंत जागत असे आणि तो सगळा वेळ लिहीत असे. परीक्षेआधी त्याच वह्या तीन-तीन वेळा वाचून काढल्या.

अर्थशास्त्र आणि बुक-कीपिंग, दोन्ही गेले.

वडिलांनी मारले नाही. ओरडलेही नाहीत. बाजेवर बसून त्यांनी अर्थशास्त्राची वही मागून घेतली, पाने उलटली. त्यांना त्यातले वाचता येत नव्हते. "बडी खूबसूरत है," एवढेच म्हणाले. मग वही मिटली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अब बोल."

मला चार वाक्ये धड सांगता आली नाहीत.

आता तुम्हाला मागची एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या दोन-तीन वर्षे आधी वडील बढतीच्या परीक्षेला बसले होते. रेल्वेत नियमांचे पुस्तक पाठ असावे लागते. होम सिग्नल कुठे असतो, लाल असेल तर काय करायचे, गार्डने झेंडा कोणता दाखवावा, धुक्यात काय, गाडी अर्ध्यावर थांबली तर काय. ते पुस्तक हिंदीत होते आणि देवनागरी वाचताना त्यांना अडखळायला व्हायचे. म्हणून रोज रात्री जेवणानंतर पुस्तक मी धरायचो. मी प्रश्न विचारायचो, ते डोळे मिटून उत्तर द्यायचे. चुकले की मी वाचून दाखवायचो आणि दुसऱ्या रात्री नेमका तोच प्रश्न आधी विचारायचो. त्यांनी त्या पुस्तकातली एक ओळ कधी लिहून काढली नाही. पास झाले.

त्या निकालाच्या संध्याकाळी ते म्हणाले, "मेरी किताब तू पकडता था. तेरी किसने पकडी?"

मित्र हो, मला पुढे पुस्तकांतून जे जे अभ्यासशास्त्र वाचायला मिळाले, ते या एका प्रश्नाच्या पलीकडे फारसे गेले नाही. सप्लिमेंटरीच्या परीक्षेपर्यंत रोज रात्री अर्धा तास वडील माझी वही हातात धरून बसत. न वाचता येणारी वही. मी बोलत असे, ते ऐकत. मी अडखळलो की त्यांना बरोबर कळे, कारण अडखळणे कळायला लिपी यावी लागत नाही.

आता वहीचे तंत्र सांगतो. इथे बाजारपेठेतली मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या भाषेत बोलतो. दुकानदार दिवसभराचे व्यवहार जसे होतील तसे कीर्दीत टाकतो. घाईत, ओबडधोबड, पण त्याच दिवशी. मग सवडीने त्यावरून खतावणी लिहितो: कोणाकडून येणे, कोणाला देणे, खातेवार. कीर्द नुसती रचून ठेवली आणि खतावणी कधी लिहिलीच नाही, तर दुकान नफ्यात की तोट्यात हे त्याला दिवाळीतही कळणार नाही. वर्गातली वही ही कीर्द होय. माझी चूक अशी की मी एक कीर्द पुसून दुसरी सुबक कीर्द लिहीत होतो. खतावणी लिहिलीच नव्हती.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाचे अध्यापक होऊन गेले. कॉलेजात अभ्यास कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले, ते १९६२ साली प्रथम निघाले. त्यात वहीचे पान आखण्याची एक रीत आहे, ती मला फार सोयीची वाटते. फुलस्केप वही घ्या. डाव्या बाजूस सुमारे अडीच इंचांची पट्टी सोडून उभी रेघ मारा. पानाच्या तळाशी दोन इंच जागा सोडून आडवी रेघ मारा. वर्गात फक्त उजवीकडच्या मोठ्या चौकोनात लिहायचे. डावी पट्टी आणि तळ कोरा ठेवायचा. त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, उजवीकडचे वाचून डाव्या पट्टीत प्रश्न लिहायचे. असे प्रश्न, की ज्यांचे उत्तर समोर उजवीकडे आहे. आणि तळाशी, सगळ्या पानाचे सार आपल्या शब्दांत दोन ओळींत.

उदाहरण घेऊ. प्राध्यापक मागणीचा नियम शिकवीत आहेत. ते पंधरा मिनिटे बोलतील. तुमच्या वहीत एवढेच यावे: "मागणीचा नियम. इतर परिस्थिती कायम. किंमत वर, मागणी खाली. कारण एक: लोक पर्याय घेतात. कारण दोन: तेवढ्याच पैशात कमी येते. अपवाद: गिफेन वस्तू. कांदा?" वाक्ये तुटकी, क्रियापदे गायब, चालेल. कांद्यापुढचे प्रश्नचिन्ह मात्र मोलाचे आहे. वर्गात बसलेल्या शिरूरच्या मुलाला वाटले, कांदा महागला तरी आमच्या घरात येतोच. मग नियम मोडला की काय? ती शंका त्याने लिहून ठेवली. घरी डाव्या पट्टीत प्रश्न आले: मागणी का घटते, दोन कारणे कोणती? 'इतर परिस्थिती' म्हणजे कोणकोणती? कांदा हा अपवाद का नाही? शेवटच्याचे उत्तर वहीत नव्हते, म्हणून पुस्तक उघडावे लागले, आणि तिथे सापडले की कांद्याची मागणी घटते पण थोडीच घटते. तिला अलवचिक मागणी म्हणतात, आणि नियम काही मोडत नाही. आता हा धडा तो मुलगा जन्मभर विसरणार नाही, कारण प्रश्न त्याचा स्वतःचा होता.

प्राध्यापक भरभर बोलतात अशी मुलांची तक्रार असते. बोलतात खरे. आम्हाला अभ्यासक्रम संपवायचा असतो. म्हणून सगळे लिहू नका. फळ्यावर लिहिलेले, दोनदा सांगितलेले, "लक्षात ठेवा" म्हटलेले आणि एक उदाहरण, एवढे आले तरी पुष्कळ. नेहमीच्या शब्दांना खुणा ठरवा. किंमतीला 'किं', मागणीला 'मा', वाढीला वर जाणारा बाण. सुटले तिथे दोन ओळी कोऱ्या सोडा आणि तास संपल्यावर मित्राच्या वहीतून भरून घ्या.

डावी पट्टी भरली की खरा अभ्यास सुरू होतो. उजवा भाग हाताने किंवा कागदाने झाकायचा, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर तोंडाने सांगायचे. मनात नव्हे, तोंडाने. मनात उत्तर दिले की मन लबाडी करते. "हो हो, येतंय," म्हणून पुढे जाते.

यावर प्रयोगही झालेले आहेत. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एका वेळी वाचला आणि पुढे तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून पाहणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. यातली पहिली गोष्ट विसरू नका. पुन्हा पुन्हा वाचल्याने त्या रात्री सगळे येते असे वाटते, आणि ते वाटणे खोटे नसते. ते फक्त टिकत नाही. माझा घात नेमका तिथे झाला होता.

विसरण्याचा वेगही मोजला गेला आहे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती शिल्लक उरते ते पाहायचे. तासाभरात निम्म्याहून अधिक गेले, एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांश. अर्थ असलेला धडा याहून बरा टिकतो हे खरे. तरी उतार तसाच असतो, सुरुवातीला सर्वांत तीव्र. म्हणूनच त्याच दिवशी डावी पट्टी भरा असे मी म्हणतो. आठवड्याने भरायला बसाल तर स्वतःचेच अक्षर परके वाटेल.

पण उजळणीची रीत शिकायला आपल्याला जर्मनीला जाण्याचे कारण नाही. या सभेत अशी किती तरी घरे असतील जिथले एखादे मूल हिफ्ज करीत आहे. त्याचा दिनक्रम पाहा. आजचा नवा सबक. गेल्या काही दिवसांचा सबकी. आणि जुने झालेले, ते मंजिल म्हणून पाळीपाळीने. तिन्ही उस्तादांसमोर, न पाहता, मोठ्याने. नवे घेतले म्हणून जुने सोडले, असे तिथे चालत नाही. बुऱ्हानुद्दीन झरनूजी यांनी सुमारे आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी 'तालीम अल-मुतअल्लिम' हा छोटा ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात की कालचा धडा पाच वेळा म्हणावा, परवाचा चार, त्याआधीचा तीन, मग दोन, मग एक. विद्यार्थ्याने शाईची दौत सदैव जवळ बाळगावी असाही त्यांचा आग्रह आहे. हीच रीत तुम्ही एफ.वाय.च्या वहीला लावा. आज आजचे पान, त्याबरोबर कालचे, आणि रविवारी सगळ्या आठवड्याचे. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. हिफ्जमध्ये जेर-जबरही हलता कामा नये. कॉलेजच्या अभ्यासात शब्द तुमचेच असले पाहिजेत. घोकून काढलेली व्याख्या परीक्षकाने उलटा प्रश्न विचारला की जागच्या जागी मरते. रीत उजळणीची घ्या, घोकंपट्टीची नको.

इमाम गझाली यांची एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. ते तरुणपणी जुर्जान येथे शिकून आपल्या तूस गावी परत येत होते. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझाली त्यांच्या मागे धावले. बाकी सारे न्या, पण माझी ती कागदांची थैली तेवढी द्या, ती शिकण्यासाठीच मी एवढ्या लांब गेलो होतो, असे विनवू लागले. दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. तुझी थैली आम्ही घेतली आणि तुझे ज्ञान गेले, मग ते तुला येत होते असे कसे म्हणतोस, असे त्याने विचारले आणि थैली परत दिली. गझालींनी ते मनाला लावून घेतले आणि पुढची तीन वर्षे तूसला राहून ते सारे टिपण असे आत्मसात केले की पुन्हा कोणी लुटले तरी बिघडू नये. बाराशेच्या आधीच्या काळातले हे गृहस्थ, १०५८ ते ११११. दरोडेखोर तेव्हाही अभ्यासशास्त्र जाणत होता, आणि माझे वडीलही.

आजची थैली म्हणजे मोबाइल. फळ्याचे फोटो काढून ठेवतात, मित्राच्या वहीचे फोटो काढतात, ग्रुपवर आलेल्या पीडीएफ साठवितात. परीक्षेच्या आदल्या रात्री आठशे फोटोंतून मागणीचा नियम शोधतात. फोटो काढू नका असे मी म्हणत नाही. नकाशा असेल, ताळेबंदाचा मोठा नमुना असेल, तर जरूर काढा. मात्र फोटो काढल्याने आपण शिकलो असे मनाला वाटते, आणि तो धोका आहे. लॅपटॉपपेक्षा हाताने लिहिलेले बरे, असा निष्कर्ष सांगणारा एक अभ्यास २०१४ साली गाजला. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका स्पष्ट निघाला नाही. तेव्हा पेनाची पूजा करायला नको. कशानेही लिहा, ऐकलेले आपल्या शब्दांत आणा. झेरॉक्सच्या दुकानात तयार नोट्स मिळतात, गाईडे मिळतात. त्यांत खतावणी दुसऱ्याने लिहिलेली असते. दुसऱ्याच्या खतावणीवर कोणी दुकान चालवीत नाही.

आता भाषेचा प्रश्न. घरात दखनी, शाळा कोणाची उर्दू, कोणाची मराठी, आणि कॉलेजात शास्त्र शाखेला एकदम इंग्रजी. मूल वर्गात बसते, शब्द कानांवरून जातात, आणि विचारायची लाज वाटते. माझा सल्ला असा की डाव्या पट्टीतले प्रश्न ज्या भाषेत डोके चालते त्या भाषेत लिहा. पारिभाषिक शब्द मात्र परीक्षेच्या भाषेतलाच ठेवा, आणि वहीच्या शेवटच्या दहा पानांवर त्यांची यादी करा: शब्द, त्याचा अर्थ, त्याचे एक वाक्य. रोज पाच शब्द झाले तरी सत्रात तीनशेच्या पुढे जातात. शेख महंमद श्रीगोंद्याचे, म्हणजे आपल्या शिरूर-दौंडच्या शेजारचेच. मुसलमान घरात जन्मून त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. या भूमीत एका भाषेतून दुसरीत जाणे ही नवलाई नव्हे.

जाण्या-येण्यात वेळ जातो, ही दुसरी तक्रार. शिरूरला बोरा महाविद्यालय आणि दौंडला कटारिया महाविद्यालय आहे म्हणून पुष्कळांची सोय झाली. तरी हवा तो विषय मिळावा म्हणून पुण्याला जाणारी मुले आहेतच. दौंडची मुले पाटस, केडगाव, यवत, उरुळी करीत लोकलने जातात, शिरूरची एस.टी.त बसतात आणि वाघोलीच्या वाहतुकीत अडकतात. रोजचे तीन तास सहज जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी हे थोर गणिती आणि इतिहासकार पुण्यात राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत. डेक्कन क्वीनने त्यांची जा-ये चाले, आणि तो वेळ ते वाचनात घालवीत. त्यांना बसायला जागा मिळत होती, तुम्हाला मिळेलच असे नाही, हे मला कबूल आहे. दौंडच्या गाडीत मी उभ्याने वर्षे काढली. पण वही झाकून प्रश्न आठवायला जागा लागत नाही. जाताना कालचे पान, येताना आजचे. एक सोबती असेल तर दौंड ते यवत त्याने विचारावे, यवत ते हडपसर तुम्ही. मात्र लिहिण्याचे काम गाडीत करू नका; अक्षर असे येते की नंतर हकीमालाच दाखवावे लागेल.

पालक बंधू-भगिनींनो, आता आपल्याशी दोन शब्द. आमच्याकडे खोली एक आणि माणसे सात, अभ्यास कुठे करावा, असे आपण म्हणता. मी तशाच खोलीत वाढलो. सगळा दिवस शांतता देता येणार नाही. पण मगरिबनंतरचा एक तास टीव्ही बंद आणि मोबाइल फळीवर, एवढे ठरविता येईल. आणि त्यात मोठ्यांचा मोबाइलही आला. मुलगी कॉलेजातून आली की तिला आधी चुलीपाशी पाठवितात आणि भावाला आधी ताट वाढतात. तिची डावी पट्टी त्याच संध्याकाळी भरली गेली पाहिजे, तिलाही विसर तितक्याच वेगाने पडतो. तो अर्धा तास तिला द्या. भाकरी भावालाही थापता येते. न आल्यास शिकता येते.

आणि आपण म्हणता, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार? वही हातात धरा. मिटून धरा. म्हणा, "आज काय शिकलीस, मला सांग." समजले नाही तर निःसंकोच म्हणा, "मला नाही कळलं, पुन्हा सांग." ज्या मुलीला आपल्या अम्मीला मागणीचा नियम समजावून सांगता आला, तिला तो परीक्षेत लिहिता येतो. शिकलेले आई-बाप बहुधा मध्येच उत्तर सांगून मोकळे होतात. न शिकलेल्यांचा हा एक फायदाच आहे.

एक विषय राहिला तर घर डोक्यावर घेऊ नका, आणि शाळा-कॉलेज सोडविण्याचा निर्णय तर त्या आठवड्यात मुळीच करू नका. आधी वही मागून घ्या. ती कोरी असेल तर एक गोष्ट, माझ्यासारखी सुबक भरलेली असेल तर दुसरी. दुसऱ्या प्रकारच्या मुलाने कष्ट केलेले आहेत. त्याला आळशी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि माझ्यासारखे ज्यांना कोणी तरी वेळेवर विचारले ते सुटले. ज्यांना नाही विचारले त्यांतले दोघे माझ्या बाकावर बसत होते. एक माझ्याहून हुशार होता. त्याने पुढे आयुष्यभर मालधक्क्यावर हमाली केली, आणि भेटला की अजून मला अर्थशास्त्राचे प्राध्यापक विचारतो.

ती लाल मथळ्यांची वही मी जपून ठेवली आहे, आज सोबत आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी समारंभानंतर पाहावी. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या वाचनालयात बसतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दौंडला येतो. विद्यार्थ्यांनी येताना एक वही आणावी, कोरी आणली तरी चालेल. पट्टी आणि पेन्सिल मी देईन. शक्य असेल तर सोबत घरातले एक माणूस आणा, वही धरायला.